तिसरीतला मुलगा अंदाजाने वाचतो. पुन्हा दुसरीत बसवावं का?

धायरीची आई | जुलै २०२२

नमस्कार. मी धायरीत राहते, घरीच शिवणकाम करते. माझा धाकटा यंदा जूनमध्ये तिसरीत गेला. मराठी माध्यम, घराजवळची अनुदानित शाळा. त्याच्याबद्दल विचारायचं आहे. जरा सविस्तर लिहिते, नाहीतर अर्धवट समजेल.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो मोठ्या गटात होता. पहिली सगळी मोबाईलवर गेली, तीही नावापुरती. घरात एकच स्मार्टफोन. यांची नऱ्ह्यातली कंपनी सुरू झाल्यावर तो फोन सकाळी यांच्याबरोबर जायचा. बाई ग्रुपवर अभ्यास टाकायच्या, तो आम्ही रात्री जेवणं झाल्यावर बघायचो. त्यातही आधी मोठीचा, कारण ती पाचवीत होती. तिचं होईपर्यंत हा झोपून जायचा. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायचं ते मात्र आवडीने बघायचा.

डिसेंबर २०२१ मध्ये पुण्यात पहिली ते सातवीचे वर्ग उघडले, तेव्हा दुसरीचं वर्ष निम्म्याहून जास्त संपलेलं होतं. जरा रुळतोय तोवर ओमिक्रॉन आला आणि जानेवारीत परत बंद. फेब्रुवारीत सुरू झाली ती कमी वेळाची. म्हणजे पूर्ण वेळ वर्गात बसून शिकणं त्याच्या वाट्याला खऱ्या अर्थाने आत्ता आलंय.

आता काय दिसतंय ते सांगते. वाचताना शब्दाचं पहिलं अक्षर बघतो आणि पुढचं मनाने म्हणतो. शेजारी चित्र असेल तर अख्खं वाक्य चित्रावरून. ‘सशाने बिळाकडे धूम ठोकली’ असं छापलेलं असलं तर ‘ससा बिळात पळाला’ असं म्हणतो, आणि इतकं न अडखळता की ऐकणाऱ्याला वाटावं, मुलगा छान वाचतोय. कविता सगळ्या पाठ. पण पुस्तक बंद करून त्यातलाच एखादा शब्द कागदावर लिहून दिला की गप्प होतो.

फळ्यावरचं उतरवून घेत नाही, वही अर्धी कोरी येते. दोन ओळी लिहिल्या की हात दुखतो म्हणतो. शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणतो, पण सदुसष्ट लिही म्हटलं की ७६ लिहितो. बाई सांगत होत्या की थोडा वेळ झाला की उठून दाराशी जाऊन उभा राहतो. सकाळी निघताना रडतो. वर्गात एकाच मुलाशी त्याचं जमतं, दोघं डबा बरोबर खातात, तेवढाच काय तो आनंद.

बाई चांगल्या आहेत, पण वर्गात पन्नासच्या वर मुलं. त्या म्हणाल्या, ‘सगळ्यांचंच असं आहे, येईल हळूहळू.’ सासूबाई म्हणतात, परत दुसरीत घाला, एका वर्षाने काही बिघडत नाही. हे म्हणतात शिकवणी लावू. गल्लीतल्या शिकवणीत चौकशी केली, तिथे पहिली ते सातवी एकत्र बसवून शाळेचा गृहपाठ करून घेतात. याला गृहपाठच वाचता येत नाही, तर तो तिथे जाऊन काय करणार?

कुणी शिक्षक असतील किंवा कुणाच्या मुलाचं असं झालं असेल तर सांगा. पुन्हा दुसरीत बसवावं का? आणि घरी मी नेमकं काय करू? माझं शिक्षण बारावीपर्यंत झालंय, संध्याकाळी वेळ काढू शकते.

---

कोथरूडचा बाबा

ताई, बाकीचं शिक्षक मंडळी सांगतीलच. मी एकच सांगतो, आधी डोळे तपासून घ्या. फळ्यावरचं उतरवत नाही असं तुम्ही लिहिलंय म्हणून सांगतोय.

माझी मुलगी चौथीत आहे. शाळा सुरू झाल्यावर तीही वहीत लिहीत नव्हती, शेजारणीच्या वहीत बघून लिहायची. घरात सगळे म्हणत होते की मोबाईलमुळे लक्ष उडालंय. शेवटी तिच्या आजीच्या लक्षात आलं की टीव्ही बघताना ही पुढे पुढे सरकत जाते. तपासलं तर लांबचं नीट दिसतच नव्हतं. पोरीला वाटत होतं की सगळ्यांनाच फळा असा पुसट दिसतो. दोन वर्षं सगळं हातभर अंतरावर बघितलं, फळ्यासमोर कधी बसलीच नाही, तर कळणार कसं?

घरी ढोबळ तपासायचं असेल तर भिंतीवरचं कालनिर्णय घ्या. खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करून आधी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून चौकटीतलं बारीक छापलेलं काही ओळखायला सांगा, आणि त्याच जागेवरून तुम्हाला स्वतःला ते किती दिसतं ते ताडून बघा. वाचता येत नसेल तर अंक विचारा. शंका आली तर लगेच डॉक्टरांकडे. शंका नाही आली तरी एकदा दाखवाच, कारण एका डोळ्याने भागवणारी मुलं असतात, ती घरी दरवेळी पकडता येतातच असं नाही.

---

हडपसर, दोन मुलींची आई

हात दुखतो हे खरं असतं, त्याला आळशी म्हणू नका.

माझी मोठी यंदा दहावी झाली. आदल्या वर्षीच्या बॅचची परीक्षाच रद्द झाली होती, निकाल ९९.९५ टक्के लागला, त्यामुळे आमच्या सोसायटीत सगळे हिला म्हणत होते, काळजी करू नको, तुमचीही होणार नाही. झाली. पंचाहत्तर टक्के अभ्यासक्रम, स्वतःच्याच शाळेत केंद्र, ऐंशी मार्कांच्या पेपरला अर्धा तास जास्त, एवढ्या सवलती होत्या. तरी सराव परीक्षेला हिचा पेपर शेवटच्या प्रश्नाला पोहोचायचा नाही. उत्तरं येत होती, हात चालत नव्हता. नववीचं वर्ष उत्तरं टाईप करण्यात आणि फोटो काढून पाठवण्यात गेलं होतं. सोळा वर्षांच्या मुलीचं असं, तर तुमचा आठ वर्षांचा आहे.

आम्ही रोज ठरलेल्या वेळी, घड्याळ लावून, थोडं थोडं लिहायला लावलं. पानंच्या पानं शुद्धलेखन अजिबात दिलं नाही. तुमच्या मुलाला दुरेघी वही आणि मऊ शिशाची पेन्सिल द्या आणि एकाच वेळी जास्त लिहायला लावू नका. बोटांना ताकद येण्यासाठी कणीक मळायला द्या, वाटाणे सोलायला द्या. तुम्ही शिवणकाम करता, बटणं ओवायला द्या.

---

तिसरी-चौथीची बाई

ताई, मी पुणे महानगरपालिकेच्या शाळेत शिकवते. वीसहून जास्त वर्षं तिसरी आणि चौथीच घेते आहे. माझ्या वर्गात पर्वती पायथ्याची, दांडेकर पुलाकडची मुलं येतात. तुमचा प्रश्न वाचला आणि माझ्या यंदाच्या वर्गातली निम्मी मुलं डोळ्यांपुढे आली. मोठं उत्तर लिहिते आहे, सवडीने वाचा.

पहिलं, दुसरीत परत बसवायचं. शाळा स्वतःहून हे करू शकत नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवायला मनाई आहे. २०१९ मध्ये दुरुस्ती झाली, पण ती राज्यांना पाचवी आणि आठवीपुरती मुभा देते. तिसरीचा त्यात संबंध नाही. आणि पालकांनी मागून शाळेने मान्य केलं तरी मी तुम्हाला नको म्हणेन. का ते पुढे येईल.

तुमचा मुलगा अंदाजाने वाचतो याचा अर्थ तो मंद आहे असा नाही. हे आधी घरात सगळ्यांना सांगा, त्याच्या समोर सांगा. तो गोष्टीचा अर्थ पकडतो, वाक्य मनात जुळवतो, त्याची भाषा चांगली आहे. ‘धूम ठोकली’ म्हणजे पळाला हे त्याला कळतं. त्याच्याकडे जे नाही ते अगदी नेमकं आहे. अक्षर आणि त्याला लागलेलं चिन्ह यांच्यावर नजर थांबवायची सवय त्याला नाही. ती सवय पहिलीत लागते, आणि ती कुठल्या पुस्तकाने लागत नाही. समोर बसलेली बाई मुलाचं बोट धरून ‘नाही, परत बघ, इथे काय आहे?’ असं रोज म्हणते, म्हणून लागते. याच्या पहिलीत समोर बाई नव्हती, फोनचा पडदा होता. पडद्यावरची बाई सांगत राहते, पण या पोराने काय वाचलं ते तिला ऐकू येत नाही. चुकीचं वाचलं तरी कुणी थांबवलं नाही, म्हणून अंदाज हीच त्याची वाचायची पद्धत झाली.

तर आधी तो नेमका कुठे अडतो ते शोधा. ‘असर’च्या पाहणीत गावोगावी मुलांना वाचायला देतात तसंच करा: आधी सुटी अक्षरं, मग साधे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. जिथे तो अडखळायला लागेल तिथून आपलं काम सुरू. इयत्ता कितवी ते विसरा. चित्र नको, आणि पाठ असलेलं काही नको.

अंदाजाने वाचणारं मूल पकडायला मी फळ्यावर हे शब्द लिहिते: माळ, मळा, माळा, मूळ, मुळा, मोळी, मेळा. अंदाजाने वाचणारी मुलं सगळ्याला ‘माळ’ नाहीतर ‘मुळा’ म्हणतात, कारण म आणि ळ एवढंच बघतात. मग मी दोन-दोन शब्द शेजारी लिहून विचारते, यात फरक कुठे आहे, बोट ठेव. मूल आधी बोट ठेवतं, मग वाचतं. हा क्रम सोडायचा नाही. काठ, काठी, कठीण. वाट, वाटी, वीट, वेट. (‘वेट’ला काही अर्थ नाही हे मला माहीत आहे. मुद्दाम घालते. अर्थ नसलेला शब्द अंदाजाने वाचता येत नाही.) काना, मात्रा, वेलांटी, उकार पक्के झाले की मगच जोडाक्षरं. त्यांची घाई करू नका. दुसरीच्या पुस्तकात ती आली होती म्हणून याला येत असतील असं धरू नका.

घरी रोज वीस मिनिटं पुरे. त्यातली पाच मिनिटं असे शब्द. दहा मिनिटं पहिलीच्या बालभारतीतला एखादा धडा, चित्रावर कागद ठेवून, शब्दाखाली बोट फिरवत, मोठ्याने. अडला की लगेच सांगू नका, मनात पाच म्हणा, मग फक्त पहिला आवाज सांगा. वाचून झालं की उरलेली पाच मिनिटं तुम्ही त्याला काहीतरी चांगलं वाचून दाखवा, त्याच्या वयाचं, कठीण असलं तरी. पहिलीचंच पुस्तक हातात देत राहिलो तर वाचन म्हणजे कंटाळवाणी गोष्ट असं त्याला वाटेल, आणि ते मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटतं. स्वारगेटकडे जाता-येता पीएमपी बसच्या पाट्या वाचायला सांगा. पाटीवर चित्र नसतं आणि बस निघून जाते, त्यामुळे मुलं जीव तोडून वाचतात.

अंकांचं म्हणाल तर सदुसष्टचा ७६ होणं फार मुलांचं होतं. मराठीत आधी सात ऐकू येतात, मग साठ. त्याला दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी द्या. सदुसष्ट रुपये मोजून ठेव म्हणावं. सहा नोटा आणि सात नाणी समोर पडली की मग लिहायला सांगा. पाठांतरावर पाठांतर करून हे सुटत नाही.

सेतू अभ्यासाबद्दल, म्हणजे मागच्या इयत्तेची उजळणी करून घ्यायला शाळांना दिलेल्या अभ्यासाबद्दल. गेल्या वर्षी ४५ दिवसांचा होता, यंदा ३० दिवसांचा. तो तयार करणाऱ्यांनी मेहनत केली आहे, मी तो वापरते. पण तो मुख्यतः मागच्या एका इयत्तेच्या पायावर उभा आहे. तिसरीतल्या मुलाला दुसरीतलं आठवून देतो. आमच्या मुलांची दुसरी गेली तशी पहिलीही गेली आहे. ज्याला वेलांटी दिसत नाही त्याला दुसरीची कृतिपत्रिका दिली की तो शेजाऱ्याचं बघून भरतो. ती भरलेली दिसते आणि आपण पुढे जातो. अझीम प्रेमजी विद्यापीठाने फेब्रुवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या सोळा हजारांवर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात सरासरी ९२ टक्के मुलांनी भाषेतलं आधी येत असलेलं किमान एक कौशल्य गमावलेलं आढळलं, गणितात ८२ टक्के. त्यात महाराष्ट्र नव्हता, आणि त्यानंतरही आपल्याकडच्या लहान मुलांच्या शाळा कितीतरी महिने बंदच होत्या. म्हणजे तुमच्या बाई ‘सगळ्यांचंच असं आहे’ म्हणाल्या ते खरं आहे. ‘येईल हळूहळू’ हे मात्र आपोआप खरं होणार नाही. कुणीतरी त्याच्याजवळ बसेल तेव्हाच येईल.

मी वर्गात काय करते ते सांगते, म्हणजे तुम्हाला बाईंशी बोलता येईल. रोज पहिला तास मी इयत्ता बाजूला ठेवते. जी मुलं अक्षरांवर आहेत ती एका कोपऱ्यात, शब्दांवरची दुसऱ्या, उतारा वाचणारी तिसऱ्या. गोष्ट वाचता येणाऱ्या मुलांना मी एकेक जोडीदार देते. दर काही दिवसांनी गट बदलतात, त्यामुळे कुणी ‘ढ गटात’ कायमचं बसत नाही. शाळा बंद होत्या त्या काळात काही घरं गावी गेली आणि परत आली, त्यातल्या एका मुलीने मधल्या काळात आईबरोबर ऊसतोड बघितली, शाळा नाही. ती आता परिच्छेदावर आली आहे. आली कारण कुणी तिला तिसरीचं पुस्तक वाचता येत नाही म्हणून रागावलं नाही.

दाराशी जाऊन उभा राहतो त्याबद्दल त्याला ओरडू नका. घरी तो मनाला येईल तेव्हा उठत होता, दोन वर्षं. बाईंना विनंती करा की त्याला उठायचं काम द्यावं: वह्या गोळा करणं, फळा पुसणं. उठायची परवानगी असली की उठायची गरज कमी होते. डोळ्यांचं वर लिहिलंय ते अगदी योग्य आहे, सगळ्यात आधी ते करा.

आणि तो एक मित्र. ताई, त्याच्यासाठीच मी दुसरीत परत पाठवू नका म्हणते. शाळेत परत यायचं कारण म्हणून या मुलाकडे सध्या एकच गोष्ट आहे आणि ती डब्याशी बसलेली आहे. वर्ग बदलला की तीही जाईल, आणि दुसरीच्या बाई तरी पुस्तकानेच पुढे जाणार. वेलांटी तिथेही कुणी दाखवणार नाही.

---

माजी मुख्याध्यापक, सदाशिव पेठ

बाईंचं लेखन मनापासून आवडलं, तरी माझा मतभेद नोंदवतो.

मी हायस्कूलला होतो. प्राथमिकमधून पुढे ढकललेली मुलं आठवीत आमच्याकडे यायची तेव्हा त्यांना परिच्छेद वाचता येत नसे, आणि तेव्हा फार उशीर झालेला असे. पाया कच्चा राहिला की पुढच्या मजल्यांचं काही खरं नाही. माझा नातू ज्या वर्षी पहिलीत जायचा ते वर्ष आम्ही घरीच ठेवला आणि एका वर्षाने शाळेत घातला. आज तो वर्गात आत्मविश्वासाने वाचतो. आठ वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात एक वर्ष ही मोठी किंमत नाही. ज्या मुलांचं औपचारिक शिक्षण झालंच नाही त्यांना झालं असं समजून पुढच्या इयत्तेत बसवणं हा मुलांवर अन्याय आहे. सरकारने २०२०-२१ हे वर्ष प्राथमिकसाठी शून्य वर्ष धरायला हवं होतं असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

---

तिसरी-चौथीची बाई

सर, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे. आठवीत न वाचता येणारी मुलं मीही बघते, माझीच जुनी मुलं भेटायला येतात त्यात बघते. रोग तुम्ही बरोबर सांगितलात.

पण तुमच्या नातवाला वर्षभर घरी कुणीतरी शिकवलं असणार. तुम्ही स्वतः असाल. त्याने एक वर्ष थांबून सुरुवात केली, तो मागे पडला असं त्याला कुणी सांगितलं नाही. या ताईंचा मुलगा आत्ता तिसरीत बसलेला आहे. त्याला उठवून दुसरीत नेलं की गल्लीतलं प्रत्येक पोर त्याला विचारणार. आणि माझ्या वर्गातल्या मुलींचं सांगते, जिचं एक वर्ष वाया जातं तिचं पुढचं सगळं गणित बदलतं. घरात धाकटं भावंड असतं, आई धुणंभांड्याला जाते. सातवी-आठवीत ‘वय वाढलं, आता पुरे’ असं म्हणायला एक वर्षाचं कारण पुरतं. अशाच मुली शाळेतून गळतात.

वर्ष परत दिलं तरी शिकवायची पद्धत तीच राहिली तर मूल तिथेच राहतं. पद्धत बदलली तर तिसरीत बसूनही पहिलीचं वाचन शिकता येतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. यासाठी शिक्षकांच्या मागची कामं कमी व्हायला हवीत, पहिल्या तासाला माहिती भरायला बोलावणं यायला नको. त्यावर तुमच्यासारख्या माणसाने लिहिलं तर त्याला वजन येईल.

---

धायरीची आई

सगळ्यांचे आभार. काय काय झालं ते सांगते.

डोळे तपासले. डाव्या डोळ्याला नंबर निघाला, उजवा ठीक आहे. म्हणजे खरंच एका डोळ्याने भागवत होता. चष्मा लागला. कोथरूडच्या दादा, तुम्ही लिहिलं नसतं तर आम्ही शिकवणीचे पैसे भरून बसलो असतो.

बाई, पावसामुळे शाळांना सुट्टी मिळाली त्या दिवशी तुमचे माळ-मळा-मुळा लिहून त्याच्यासमोर ठेवले. तुम्ही म्हणालात अगदी तसंच, पहिले चार शब्द ‘माळ’. बोट ठेवायला लावल्यावर मात्र त्याला स्वतःलाच नवल वाटलं. उकार दिसला की ‘ए, इथे खाली आहे!’ असं ओरडतो. आता काना आणि वेलांटीत फारसा चुकत नाही. ऱ्हस्व-दीर्घ अजून गोंधळतो. जोडाक्षर आलं की पूर्ण थांबतो. ‘रस्त्यावर’ला ‘रसतयावर’ म्हणाला, पण मला बरं वाटलं, कारण अंदाज केला नाही, प्रत्येक अक्षर बघितलं.

शाळेत जाऊन बाईंना भेटले. तक्रार म्हणून गेले नाही, मदत मागायला गेले. त्यांनी त्याला दुसऱ्या बाकावर घेतलं, डब्यातल्या मित्राला शेजारी बसवलं आणि वह्या गोळा करायचं काम दिलं. त्या म्हणाल्या की माझ्याकडे असे पंधरा-वीसजण आहेत, मलाही कोपरे करून बघायचेत, पण एकटीने जमत नाही. वर्गातल्या आम्ही दोघी-तिघी आया शनिवारी सकाळच्या शाळेत जाऊन एकेका गटापाशी बसू का, असं मी विचारलं. मुख्याध्यापकांना विचारून सांगते म्हणाल्या.

दुसरीत बसवायचा विषय घरात सोडला. सासूबाईंना पटवायला वेळ लागला. आता त्याच रोज शेवटची पाच मिनिटं वाचून दाखवतात.

एक अडचण आहे. माझ्यासमोर वाचतो, पण मोठी बहीण खोलीत आली की पुस्तक मिटतो. ती हसत नाही, तरीही. घर एवढंसं आहे, तिला बाहेर कुठे पाठवू? आणि ऑगस्टमध्ये चाचणी आहे. तिचं काय करू?

---

तिसरी-चौथीची बाई

बहिणीला बाहेर पाठवू नका, आत घ्या. दोघांनी एकच ओळ एकदम, एका आवाजात वाचायची. तिला आधी बाजूला घेऊन सांगा की जरा हळू वाच आणि जोडाक्षर आलं की आवाज मोठा कर. तिच्या आवाजाच्या आधाराने तो पुढे सरकेल आणि चुकला तरी एकटा चुकणार नाही. थोडे दिवसांनी तिने मधूनच आवाज बारीक करायचा. माझ्या वर्गात सगळ्या जोड्या अशाच सुरू होतात.

जोडाक्षराला घाई नको, पण एक खेळ करता येईल. ‘रस्ता’ हा शब्द टाळ्या वाजवत म्हणायचा: रस्-ता. मग लिहायचा, आणि अर्धा स कुठे दिसतो त्यावर बोट. नेहमीच्या वापरातले सात-आठ शब्द आधी घ्या: रस्ता, पुस्तक, दप्तर, चप्पल, बिस्कीट, डॉक्टर, सुट्टी. ‘रस्त्यावर’ नंतर.

चाचणीसाठी बाईंना आत्ताच भेटून ठेवा आणि प्रश्न तोंडी वाचून दाखवाल का असं विचारा. प्रश्न वाचता आला नाही म्हणून परिसर अभ्यासाचे मार्क जाऊ नयेत, त्याला त्यातलं येत असेल. भाषेच्या पेपरात कमी पडले तर पडू द्या, तो पेपर मात्र जपून ठेवा. दिवाळीनंतर तोच उतारा परत वाचायला द्या.

शनिवारच्या आयांचं ठरलं तर मला इथेच कळवा. अक्षर, शब्द आणि उताऱ्याचे माझे तक्ते आहेत, त्यांचे फोटो टाकते. पहिल्या शनिवारी फक्त मुलांना गटांत वाटून घ्या, शिकवू नका.